नकलेचा आकार

मराठींत ‘नक्कल’ या शब्दाचे दोन संसार आहेत. एक लग्नघरच्या माजघरांत. तेथें एखादा खोडकर मुलगा शेजारच्या तात्यांच्या चालण्याची, खोकण्याची, चष्मा पुसण्याची हुबेहूब नक्कल करतो आणि मंडळींची हंसतां हंसतां पुरेवाट होते. दुसरा संसार कचेरींत. तेथें नक्कल ही हंसण्याची गोष्ट नव्हे. फेरफाराची नक्कल, निवाड्याची नक्कल, जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल. ती मिळवावयाची म्हणजे आधीं अर्ज, अर्जावर तिकीट, तिकिटामागून फी आणि फीमागून ‘परवां या’, हा क्रम आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला आहे. कचेरीला नांवें ठेवण्यांत आपण मराठी माणसांनीं कधीं कसूर केली नाहीं. पण एक गोष्ट तिच्या पदरांत टाकलीच पाहिजे : तिचा आकार ठरलेला असतो, आणि तो कोणासहि आधीं कळूं शकतो. जमिनीच्या सातबाऱ्याचा डिजिटल सहीचा उतारा आज महाराष्ट्रांत घरबसल्या १५ रुपयांना मिळतो. बागाईतदार असो कीं अर्ध्या एकराचा धनी असो, १५ म्हणजे १५.

आतां ज्या देहानें ती जमीन कसली, त्या देहाचाहि एक सातबारा असतो. तो इस्पितळाच्या तळघरांत, लोखंडी मांडणीवर, पिवळ्या पुठ्ठ्याच्या फाइलींत बांधून ठेवलेला असतो. कोणत्या दिवशीं काय कापलें, कोणतें औषध किती टोंचलें, नाडी केव्हां घसरली आणि ती पुन्हां कशी ठिकाणावर आली, हें सर्व त्यांत लिहिलेलें असतें. त्या सातबाऱ्याची नक्कल किती रुपयांना मिळते, हा प्रश्न विचारण्याची पाळी माझ्यावर गेल्या वर्षीं आली.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सारे अक्का म्हणतों. तिचें वय ७१. दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या खासगी इस्पितळांत तिचें पित्ताशय काढलें. गेल्या वर्षीं त्याच पोटाला हर्निया झाला, आणि या खेपेस घराजवळच्या दुसऱ्या दवाखान्यांत शस्त्रक्रिया करावयाची ठरली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासावयास आल्या. वयानें तरुण, पण बोलणें शांत. त्यांनीं नेहमींचे प्रश्न विचारले आणि शेवटीं सहज म्हणून पुसलें, “आजी, मागच्या वेळीं भूल उतरल्यावर कांहीं त्रास झाला होता का?” अक्का म्हणाली, “त्रास असा नाहीं. पण चार दिवस घसा इतका दुखला कीं पाणी गिळवेना. आणि हा पुढचा दांत हलायला लागला तो तेव्हांपासून.” हें ऐकतांच बाईंनीं लेखणी खालीं ठेवली. श्वासनलिकेंत नळी घालतांना त्या वेळीं अडचण पडली असावी, असा त्यांना संशय आला. भूल चढल्यावर रोग्याचा स्वतःचा श्वास थांबलेला असतो. नळी वेळेवर बसली नाहीं तर हातांत मिनिटेंच उरतात. मागच्या डॉक्टरांना नळी घालणें अवघड गेलें असेल, तर किती प्रयत्न लागले, कोणतें साधन वापरल्यावर काम झालें, हें आधीं ठाऊक असणें म्हणजे अर्धी लढाई जिंकणें होय. घरीं येतांना इस्पितळानें दिलेलें डिस्चार्ज कार्ड आम्हीं त्यांच्यापुढें ठेवलें. त्यांत एकच ओळ होती : शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. बाई म्हणाल्या, “हें कार्ड पुरायचें नाहीं. त्या दिवशींचा भूलेचा तक्ता पाहिजे. तो मूळ केसपेपरांत असतो. तेवढा आणून द्या.” शस्त्रक्रियेला नऊ दिवस होते.

मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. दप्तर म्हटलें कीं माझा हात शिवशिवतो. पेशवे दफ्तर अभ्यासकांना खुलें व्हावें म्हणून एके काळीं किती खटपट करावी लागली, आणि १९३० पासून गोविंदराव सरदेसायांच्या संपादनाखालीं त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड कसे बाहेर पडले, हें मीं वर्गांत पुष्कळ वेळां रंगवून सांगितलें आहे. दप्तर ज्याच्या ताब्यांत त्याची बखर खरी, हें सूत्र मला पाठ होतें. पण तें आपल्या बहिणीच्या घशालाहि लागू पडतें, हें मात्र इस्पितळाच्या खिडकीपाशींच उमगलें.

खिडकींतल्या मुलीनें मोठ्या अदबीनें हिशेब सांगितला. फाइल शोधण्याचे ५०० रुपये, छाननीचे १,०००, आणि दर पानास २० रुपये. पानें ८४. एकूण ३,१८०, आणि मुदत आठ दिवसांची. मीं विचारलें, “छाननी म्हणजे काय?” ती म्हणाली, “बाहेर देण्याआधीं डॉक्टर एकदां सगळे कागद बघतात.” कशासाठीं बघतात, तें तिलाहि सांगतां येईना. जुन्या दप्तराचा ज्याला थोडाहि परिचय आहे, त्याचे कान ‘बाहेर देण्याआधीं बघतात’ या तीन शब्दांनीं टवकारल्याशिवाय राहणार नाहींत. आणि तें बघण्याचे १,००० रुपये पुन्हां आम्हींच द्यावयाचे! मीं फक्त भूलेचा तक्ताच मागितला तर? तर ‘सुटे पान देत नाहीं’. समोरच्या दुकानांत दोन रुपयांना झेरॉक्स होते, तुमचा माणूस बरोबर द्या, मी काढून आणतों, असें म्हटल्यावर ती हंसली. थट्टा म्हणून ती बरी होती; पण या सूचनेला आधार आहे, हें पुढें कळलें.

माझ्या मागें रांगेंत एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, हातांत कापडी पिशवी, बहुधा बारामतीकडचे. धाकट्या भावाला सरकारी इस्पितळांत हलवावयाचें होतें आणि तेथील डॉक्टरांनीं आधींचे कागद मागितले होते. त्यांची फाइल आमच्याहून मोठी होती. मुलीनें आंकडा सांगितला. त्यांनीं तो एकदां ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला, टोपी सारखी केली आणि “सोमवारीं येतों” म्हणून ते निघाले. मी दाराशीं त्यांना गांठलें. पण अनोळखी माणसाकडून पैसे घेण्याइतके ते सैल नव्हते. सोमवारीं ते आले कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. मी गुरुवारीं गेलों तेव्हां मात्र दिसले नाहींत.

त्या रात्रीं मी कायद्याच्या नादीं लागलों. वकिली माझ्या घराण्यांत कोणी केली नाहीं. तरी सनदा आणि फर्मानें वाचण्याची संवय असलेल्याला आजचे नियम वाचणें फारसें जड जात नाहीं. १९९६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें स्वच्छ सांगितलें आहे कीं रुग्णानें किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकानें केसपेपरांच्या नकला मागितल्या तर इस्पितळानें व डॉक्टरांनीं त्या दिल्या पाहिजेत. २००२ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें डॉक्टरांच्या आचरणाविषयीं जे विनियम केले, त्यांत दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षें जपावेत, आणि मागणी आल्यावर ते ७२ तासांच्या आंत द्यावेत, असें कलम आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें याऐवजीं नवे विनियम निघाले होते, त्यांत ७२ तासांचे कामाचे ५ दिवस झाले होते. पण महिना पुरा होण्याच्या आंतच ते स्थगित झाले आणि जुन्यांची पुन्हां प्रतिष्ठापना झाली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ सालीं लोकांपुढें आली. तीहि घरीं गेल्यानंतर ७२ तासांत कागद मिळावेत असें म्हणते. आणि नकलेचा योग्य आकार घ्यावा, नाहीं तर रुग्णाला स्वतःच्या खर्चानें झेरॉक्स काढूं द्यावी, असे दोन मार्ग दाखविते. म्हणजे समोरच्या दुकानाची माझी सूचना अगदींच चावट नव्हती!

पण वाचकहो, या तिन्ही ठिकाणीं मी आंकडा शोधीत होतों, आणि आंकडा कोठेंच नव्हता. न्यायालयानें आवश्यक तो आकार घेण्याची मुभा दिली. किती, तें सांगितलें नाहीं. विनियमांत पैशाचें नांवहि नाहीं. सनदेंत ‘योग्य’ हा शब्द आहे, आणि योग्य या शब्दाइतका लवचिक शब्द आपल्या भाषेंत दुसरा सांपडणें कठीण. सरकारी इस्पितळाची गोष्ट निराळी. तें माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं येतें. अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेहि माफ. अक्काचीं ८४ पानें सरकारी तळघरांत असतीं तर १७८ रुपयांत काम भागलें असतें. खासगी मांडणीवर तीच पानें ३,१८० रुपयांचीं झालीं. शाई तीच, कागद तोच, आणि पित्ताशयहि तेंच.

दुसऱ्या दिवशीं मीं कलमाचा उल्लेख करून रीतसर अर्ज लिहिला, अक्काची सही घेतली, खिडकींत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. शिक्क्याचें सामर्थ्य अद्भुत आहे. आठ दिवसांचे तीन झाले. गुरुवारीं कागद तयार होते. मुदतीच्या बाबतींत कायदा माझ्या बाजूनें बोलला. पैशाच्या बाबतींत तो मुका राहिला, आणि मीं ३,१८० रुपये मोजले.

अक्काचा मुलगा कांहीं वर्षें जर्मनींत आहे. हा सारा वृत्तांत फोनवर ऐकून तो म्हणाला, “मामा, इथें पहिली प्रत फुकट मिळते.” मला तें खरें वाटेना. मग त्यानें जी हकीकत सांगितली आणि जी मीं पुढें निकालपत्रांतून पडताळून पाहिली, ती मोठी मनोरंजक आहे. तेथील एका माणसाला आपल्या दंतवैद्यानें दांतांचें काम बिघडविलें असा संशय आला. त्यानें आपल्या कागदांची पहिली प्रत विनामूल्य मागितली. दंतवैद्य म्हणाला, खर्च द्या. आणि जर्मन कायदा त्याच्या बाजूचा होता, कारण त्यांत नकलेचा खर्च रुग्णानें सोसावा असें लिहिलें होतें. भांडण तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत चढलें, त्यानें तें लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे धाडलें, आणि त्यानें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं निकाल दिला : पहिली प्रत फुकट, रुग्णानें कारण सांगण्याची गरज नाहीं, ती प्रत त्याला डॉक्टरावर दावा लावण्यासाठीं हवी असली तरीहि नाहीं, आणि डॉक्टरांच्या खिशाचें रक्षण हें रुग्णावर खर्च लादण्याचें कारण होऊं शकत नाहीं. एका माणसाच्या दाढेनें सत्तावीस देशांना नियम घालून दिला, म्हणावयाचें! इंग्लंडांत याआधींच मे २०१८ पासून अशी प्रत फुकट झालेली आहे. तत्पूर्वीं हस्तलिखित कागद असतील तर जास्तींत जास्त ५० पौंड, असा बांध होता.

अमेरिकेची रीत याहून निराळी, आणि मला ती अधिक विचार करण्याजोगी वाटते. तेथें १९९६ च्या कायद्यावरून झालेल्या केंद्रीय नियमांत आकार घेण्यास हरकत नाहीं; पण तो कशाकशाचा, हें मोजून दिलें आहे. नक्कल करण्याची मजुरी, कागद किंवा तत्सम सामान, आणि टपाल. फाइल शोधण्याचे पैसे त्यांत धरतां येत नाहींत. फाइल शोधून काढणें हें ज्यानें ती सांभाळावयाची त्याचें कर्तव्य, रुग्णाची चैन नव्हे, हें या एका वगळण्यांत आलें. हिशेबाची कटकट नको असेल तर संगणकावरील कागदांसाठीं एकठोक साडेसहा डॉलरांपर्यंत घ्या, अशीहि सोय २०१६ च्या खुलाशांत आहे. शिवाय राज्याराज्यांचे आपले दर. कॅलिफोर्नियांत पानाला २५ सेंट, न्यूयॉर्कांत ७५ सेंटांची मर्यादा, आणि केवळ पैसे नाहींत म्हणून कागद नाकारूं नयेत अशी पुस्ती. केंटकीमध्यें पहिली प्रत फुकट. या नियमांतूनहि एक पेंच निघालाच. रुग्णासाठीं ठरविलेल्या स्वस्त दरानें वकिलांनीं कागद मागवावयास आरंभ केला, नकला करून देणाऱ्या कंपन्यांनीं ओरड केली, आणि जानेवारी २०२० मध्यें तेथील केंद्रीय न्यायालयानें ठरविलें कीं हा मर्यादित आकार रुग्ण स्वतःसाठीं मागेल तेव्हांचा. कागद तिऱ्हाइताकडे धाडावयाचे असतील तर तो लागू नाहीं. यांत मला अन्याय दिसत नाहीं. वकिलानें आणि विमा कंपनीनें पुरे पैसे द्यावेत. पण आपल्याकडे खिडकीपाशीं टोपी सारखी करणारा माणूस आणि विमा कंपनीचा कारकून यांना एकच दर सांगितला जातो, किंवा कोणास काय सांगावें हें खिडकीच्या मर्जीवर असतें.

१९९६ हें साल या विषयांत मोठें विचित्र दिसतें. मुंबईचा निकाल त्याच सालचा, अमेरिकेचा कायदाहि त्याच सालचा. आणि त्याच सालच्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानें बरोबर उलट सांगितलें. तेथील एका बाईला स्तनांत बसविलेल्या कृत्रिम भरणापासून त्रास झाला होता, आणि परदेशांतल्या भरपाईच्या दाव्यासाठीं डॉक्टरांचे कागद हवे होते. डॉक्टरांनीं पैसे मागितले नाहींत. आपल्यावर कधींहि दावा करणार नाहीं असें लिहून द्या, मग कागद घ्या, असें ते म्हणाले. न्यायालयानें निर्णय दिला कीं कागद डॉक्टरांचे, आणि ते पाहण्याचा हक्क रुग्णाला नाहीं. पुढें २००१ च्या डिसेंबरापासून नव्या कायद्यानें तेथें हा हक्क आला. या गोष्टीवरून माझ्या ध्यानीं आलें कीं आकार नेहमीं रुपयांतच असतो असें नाहीं. वेळ हाहि आकार, हेलपाटा हाहि आकार, आणि ‘छाननी’ हा तर दुहेरी आकार.

भाचा म्हणतो, सगळीकडे फुकटच हवें. मी इतका उदार नाहीं. लहान दवाखाना चालविणारा डॉक्टर, त्याची एक मदतनीस, पावसाळ्यांत ओल येणारी खोली आणि तींत तीन वर्षांचे केसपेपर, हें चित्रहि मला दिसतें. त्यानें पानाला दोनचार रुपये घेतले तर मला त्यांत पाप वाटत नाहीं. माझी तक्रार रकमेपेक्षां तिच्या अंधाराविषयीं आहे. रिक्षाला मीटर आहे, रेल्वेला दरपत्रक आहे, न्हाव्याच्या दुकानांतहि दाढीकटिंगाचा फलक टांगलेला असतो. मग दर पानास इतके, यापलीकडे कांहीं नाहीं, आणि ज्याच्यापाशीं नाहींत त्याला माफ, अशी एक ओळ शासनानें ठरवून देण्याला आणि इस्पितळानें खिडकीवर टांगण्याला कोणतें शास्त्र आड येतें? फुकट देण्याची भीति ज्यांना वाटते, त्यांनीं निदान शोधण्याचा आणि छाननीचा आकार काढून टाकावा. तेवढ्यानें ३,१८० चे १,६८० होतात. आणि कोरीं पानें मोजूं नयेत. हें शेवटचें वाक्य अनुभवाचें आहे. आमच्या ८४ पानांपैकीं १३ पानांवर रेघांखेरीज कांहीं नव्हतें. त्या रेघांना २६० रुपये पडले.

भूलेचा तक्ता ५१ व्या पानावर निघाला. डॉक्टरीणबाईंनीं तो खिडकीच्या उजेडांत धरून वाचला. नळी तिसऱ्या प्रयत्नांत बसली होती, नेहमींच्या साधनानें स्वरयंत्र दिसलें नव्हतें आणि शेवटीं कॅमेऱ्याच्या साधनाची मदत घ्यावी लागली होती. लिहिणाऱ्यानें प्रामाणिकपणें सारें लिहून ठेवलें होतें. तें कार्डावरच्या ‘निर्विघ्न’ या शब्दापर्यंत पोंचलें नव्हतें, इतकेंच. बाईंनीं तें साधन आणि आणखी एक अनुभवी सहकारी आधींच जवळ ठेवला. अक्काची शस्त्रक्रिया सकाळीं आठाला सुरू झाली, आणि साडेदहाला ती आमच्याशीं बोलत होती. घसा दुखला नाहीं.

घरीं आल्यावर तिनें तो सगळा गठ्ठा मागून घेतला. “माझ्या पोटांत काय केलें तें वाचायला मलाच तिकीट! द्या इकडे, पैसे वसूल करते,” असें म्हणून ती चष्मा लावून बसली. इंग्रजी अक्षरांत तिला फारसें कांहीं लागेना. मी अर्थ सांगत होतों. औषधें, नाडी, ताप, पुन्हां औषधें. मग रात्रपाळीच्या परिचारिकेच्या नोंदी आल्या. एकीवर मी थांबलों. पहांटे तीनची वेळ. रुग्णास झोंप नाहीं, वेदना कमी, परंतु मुलाची आठवण काढून रडत होती. अर्धा तास जवळ बसलें, नंतर झोंप लागली. अक्का बराच वेळ बोलली नाहीं. अशी कोणी बाई जवळ बसली होती हें तिच्या स्मरणांतहि नव्हतें. मग तिनें विचारलें, “तिचें नांव काय लिहिलंय बघ रे.” नोंदीखालीं सही होती, पण नकलेंत तिचा नुसता काळा डाग उठला होता. मीं इस्पितळांत फोन लावला. मूळ कागद पाहावयाचा असेल तर नवा अर्ज करावा लागेल, आणि फाइल पुन्हां काढण्याचे ५०० रुपये पडतील, असें त्याच मुलीनें त्याच अदबीनें सांगितलें. अक्का म्हणाली, “मग उद्यां जा. शिक्का मारून घ्यायला विसरूं नको.”